हंटिंग्टन आजार रक्तात मोजता येईल का? आणि त्यावर एवढं काय अवलंबून आहे?

२४ सप्टेंबर २०२५. युनिक्युअर नावाच्या कंपनीने एक निकाल जाहीर केला आणि काही तासांत तो जगभरच्या बातम्यांत झळकला. विषय होता हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकाराचा. या आजाराचा वेग कमी करेल असं एकही औषध आजवर नव्हतं. कंपनीचं म्हणणं असं की, त्यांच्या जनुकीय उपचाराचा जास्त डोस घेतलेल्या रुग्णांमध्ये तीन वर्षांत आजार वाढण्याचा वेग ७५ टक्क्यांनी कमी झाला.

सहा आठवडेही झाले नाहीत, तोच नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच कंपनीने दुसरी बातमी दिली. अमेरिकेची औषध नियामक संस्था, म्हणजे एफडीए, हा पुरावा मंजुरीसाठी पुरेसा मानायला आता तयार दिसत नाही.

एकीकडे ७५ टक्के, दुसरीकडे 'पुरावा पुरेसा नाही'. मग खरं काय समजायचं?

हा वाद समजून घ्यायचा असेल तर एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. जो आजार वीस-वीस वर्षं मेंदूत शांतपणे चालू असतो आणि बाहेरून दिसत नाही, तो मोजायचा कशाने? शास्त्रज्ञ या प्रश्नाचं उत्तर गेली वीस वर्षं रक्तात शोधत आहेत. ते कुठवर पोचलेत, तेच आज पाहूया.

आधी हा आजार काय आहे?

१८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या २२ वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने या आजारावर एक लेख लिहिला. त्याचे वडील आणि आजोबा न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डॉक्टरकी करायचे. एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या हातपाय आपोआप हलण्याचा विकार या तिघांनी पाहिला होता. त्याच तरुण डॉक्टरचं नाव आजाराला मिळालं.

आपल्या प्रत्येकाच्या पेशीत हंटिंग्टिन नावाचं प्रथिन बनवणारं एक जनुक असतं. त्या जनुकात सीएजी ही तीन अक्षरं एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात. ती २६ किंवा त्याहून कमी वेळा आली तर काहीच अडचण नाही. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर पूर्ण आयुष्य जगणाऱ्या माणसाला हा आजार होतोच. मधल्या आकड्यांचं थोडं कमी-जास्त असतं. ३६ ते ३९ मध्ये काहींना होतो, काहींना होत नाही.

आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडे हे जनुक असलं तरी प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता ५० टक्के. मुलगा असो वा मुलगी, काही फरक पडत नाही.

लक्षणं बहुतेक वेळा वयाच्या ३० ते ५० च्या दरम्यान दिसू लागतात. हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, तोल जाणं, चिडचिड, नैराश्य, निर्णय घेता न येणं. रस्त्यात लोकांना वाटतं माणूस प्यायलेला आहे. पुढे बोलणं, गिळणंही अवघड होत जातं. लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण १५ ते २० वर्षांत मृत्यू येतो.

यातली खरी क्रूर गोष्ट म्हणजे वेळ. आजार कळतो तेव्हा बऱ्याचदा लग्न झालेलं असतं, मुलंही झालेली असतात.

जनुकाची टेस्ट आहे ना? मग आणखी काय शोधायचं?

टेस्ट आहे. १९९३ साली हे जनुक नेमकं सापडलं आणि तेव्हापासून रक्त देऊन सीएजी किती वेळा येतं ते मोजता येतं. म्हणजे आजार होणार की नाही, हे लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी कळू शकतं.

पण ही टेस्ट एकाच प्रश्नाचं उत्तर देते. होणार की नाही? कधी होणार, याचा फक्त ढोबळ अंदाज येतो. सीएजी जितक्या जास्त वेळा, तितकी लक्षणं लवकर, हे खरं. पण दोघांचा आकडा सारखाच असूनही त्यांच्या लक्षणांत अनेक वर्षांचं अंतर पडू शकतं. आणि हा आकडा रिपोर्टवर वर्षानुवर्षं तोच राहतो. आज मेंदूत काय चाललंय, ते त्यावरून कळत नाही.

सोप्या भाषेत सांगायचं तर, जनुकाची टेस्ट म्हणजे एसटी डेपोतून सुटली आहे एवढं कळणं. ती आत्ता कोणत्या गावाजवळ पोचली आहे हे सांगणारी खूण हवी असेल, तर तिला म्हणतात बायोमार्कर.

ही खूण रुग्णाला हवीच असते, पण औषध शोधणाऱ्यांना ती त्याहून जास्त हवी असते. विचार करा. औषध द्यायची सगळ्यात योग्य वेळ म्हणजे मेंदूतल्या पेशी मरण्याआधी. पण ज्याला अजून लक्षणंच नाहीत त्याला औषध दिलं, तर ते लागू पडलं की नाही हे ठरवायचं कसं? लक्षणं येतात की नाही याची वाट पाहायची, तर पंधरा-वीस वर्षं जातील. तेवढा वेळ कोणतीही चाचणी चालत नाही.

म्हणून 'मेंदूची झीज आज किती वेगाने होतेय' हे सांगणारं मोजमाप हवं.

मग रक्तातच का शोधायचं?

कारण बाकीचे दोन रस्ते अवघड आहेत.

एक म्हणजे एमआरआय. मेंदूच्या आत खोलवर कॉडेट आणि पुटामेन असे दोन भाग आहेत. हंटिंग्टनमध्ये सगळ्यात आधी ते आकसतात आणि एमआरआयवर ते दिसतं. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी या आजाराचे शून्य ते तीन असे टप्पे ठरवले. त्यात लक्षणांच्या आधीचा पहिला टप्पा याच दोन भागांच्या आकारावरून ठरतो. पण एमआरआय महाग असतो. शिवाय ज्याचे हातपाय सतत हलतात, त्याला मशिनमध्ये स्थिर झोपवणं सोपं नाही.

दुसरा रस्ता म्हणजे पाठीतलं पाणी काढणं. मेंदू आणि मणक्याभोवतीच्या या द्रवात मेंदूतल्या घडामोडींच्या खुणा चांगल्या सापडतात. पण मणक्यात सुई घालून दर काही महिन्यांनी पाणी काढायला किती जण तयार होतील?

रक्त मात्र तालुक्याच्या गावातही काढता येतं. अडचण एवढीच की आजार आहे मेंदूत आणि आपण शोधतोय दंडातल्या शिरेत.

या अडचणीने शास्त्रज्ञांना एकदा चांगलाच चकवा दिला. २००५ मध्ये एका गटाने जाहीर केलं की हंटिंग्टनच्या रुग्णांच्या रक्तात काही जनुकांचं काम बदललेलं दिसतं आणि त्यातल्या १२ जनुकांवरून आजाराचा माग काढता येईल. मोठी आशा निर्माण झाली. पण २००७ मध्ये दुसऱ्या गटाने वेगळ्या रुग्णांच्या रक्तावर तेच तपासलं, तेव्हा त्या १२ जनुकांचा आजाराशी मेळ बसेना. रक्तात बदल सापडणं आणि तो बदल या आजारामुळेच झालाय हे सिद्ध होणं, यातलं अंतर तेव्हा लक्षात आलं.

पहिली भरवशाची खूण कोणती?

तिचं नाव न्यूरोफिलामेंट लाइट, थोडक्यात एनएफएल.

आपल्या मेंदूतल्या पेशींना लांबलचक तंतू असतात. त्या तंतूंना आतून आधार देणारं हे प्रथिन. घराच्या स्लॅबमध्ये जशी सळई, तसं. पेशीला इजा झाली की ते बाहेर पडतं, आधी पाठीतल्या पाण्यात येतं आणि त्यातलं अगदी थोडं रक्तात उतरतं. किती थोडं? ते पिकोग्रॅममध्ये मोजतात. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. इतकं बारीक मोजणारी यंत्रं आली, तेव्हाच हा रस्ता खुला झाला.

२०१७ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या डॉ. एडवर्ड वाइल्ड यांच्या गटाने 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात एक अभ्यास छापला. लंडन, लायडन, पॅरिस आणि व्हँकुव्हर इथल्या ३६६ जणांवर तीन वर्षं चाललेल्या 'ट्रॅक-एचडी' या अभ्यासातलं रक्त जपून गोठवून ठेवलेलं होतं. तेच त्यांनी तपासलं. ज्यांच्याकडे हे जनुक होतं, त्यांच्या रक्तात लक्षणं नसतानाही एनएफएल जास्त सापडलं. आणि सुरुवातीला ज्यांचा आकडा जास्त होता, त्यांचा मेंदू पुढे जास्त वेगाने आकसला. लक्षणं सुरू होण्याची शक्यताही त्यांच्यात जास्त होती.

पुढे याच संस्थेत प्रा. सारा तब्रिझी यांच्या गटाने आणखी मागे जाऊन पाहिलं. लक्षणं यायला सरासरी वीसहून जास्त वर्षं बाकी असलेली तरुण मुलं-मुली त्यांनी घेतली. अभ्यास, नोकरी, खेळ सगळं व्यवस्थित चालू असलेली. त्यांच्याही पाठीतल्या पाण्यात एनएफएल वाढलेलं होतं.

म्हणजे आजार चाळिशीत 'सुरू' होत नाही. तो त्याच्या कितीतरी आधीच कामाला लागलेला असतो.

मग एनएफएल मोजलं की झालं ना?

नाही. एनएफएल म्हणजे धूर. कुठेतरी आग आहे हे कळतं, पण कोणत्या खोलीत आहे ते कळत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, एएलएस, पक्षाघात, डोक्याला मार, या सगळ्यांत ते वाढतं. वयानुसारही वाढतं. किडनी नीट काम करत नसेल तरी आकडा बदलतो. त्यामुळे एकट्या माणसाला त्याच्या आकड्यावरून 'तुम्हाला अमुक वर्षी लक्षणं येतील' असं सांगता येत नाही. हजार जणांच्या सरासरीत जे ठसठशीत दिसतं, ते एका माणसाच्या रिपोर्टमध्ये तितकं स्पष्ट नसतं.

म्हणून दुसरी खूण महत्त्वाची ठरतेय. जन्मतः मिळालेला सीएजीचा आकडा शरीरातल्या सगळ्या पेशींत कायम तसाच राहत नाही, हे आता पक्कं झालंय. मेंदूतल्या काही पेशींत तो आयुष्यभर वाढत जातो. जानेवारी २०२५ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासानुसार, ४०-४५ वर असलेली ही साखळी अनेक दशकं हळूहळू लांबत ८० च्या आसपास जाते. तिथून ती वेगाने वाढते आणि १५० च्या पुढे गेली की पेशीला मारक ठरते.

त्याच महिन्यात तब्रिझी यांच्या गटाने 'नेचर मेडिसिन'मध्ये याच्याशी जोडलेली गोष्ट दाखवली. त्या तरुण मुला-मुलींना सुमारे साडेचार वर्षांनी पुन्हा तपासलं, तर त्यांच्या विचारशक्तीत, हालचालीत काहीच फरक नव्हता. पण ज्यांच्या रक्तातल्या पेशींत सीएजीची साखळी जास्त लांबत होती, त्यांच्या मेंदूतले कॉडेट आणि पुटामेन जास्त आकसले होते. एनएफएल झीज दाखवतं, ही खूण मात्र थेट आजाराच्या मुळाशी जोडलेली आहे. साखळीचं हे लांबणं थांबवणारी औषधं शोधण्याचं काम आता जोरात चालू आहे, आणि ती लागू पडतात का हे पाहायला हेच मोजमाप उपयोगी पडू शकतं.

आकडा सुधारला, पण माणूस नाही सुधारला, असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि तसं झालंय. म्हणूनच नियामक संस्था इतक्या सावध असतात.

टोमिनर्सन हे रॉश कंपनीचं औषध. मणक्यात इंजेक्शन देऊन ते दोषी हंटिंग्टिन प्रथिन कमी करतं. सुरुवातीच्या चाचण्यांत पाठीतल्या पाण्यातलं हे प्रथिन खरंच कमी झालं. सगळ्यांना वाटलं, औषध सापडलं. ७९१ रुग्णांवर मोठी चाचणी सुरू झाली. मार्च २०२१ मध्ये तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीने डोस थांबवायला सांगितलं. दोषी प्रथिन कमी झालं होतं, पण दर आठ आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांची अवस्था खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा वाईट होती.

इथे एक बारकावा आहे. याच जास्त डोसच्या गटात सुरुवातीच्या महिन्यांत एनएफएल वाढलेलं दिसलं होतं. एक आकडा 'औषध काम करतंय' म्हणत होता, तर दुसरा 'पेशींना त्रास होतोय' असं सुचवत होता. फक्त पहिला आकडा पाहिला असता तर फसगत पूर्ण झाली असती.

याची उलट बाजूही आहे. एप्रिल २०२३ मध्ये एफडीएने टोफर्सन या औषधाला मंजुरी दिली. एसओडी१ जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या एएलएसवरचं हे औषध. सहा महिन्यांच्या चाचणीत रुग्णांच्या ताकदीत ठरवलेला फरक दिसला नव्हता, पण रक्तातलं एनएफएल निम्म्याहून खाली आलं होतं. त्या घसरणीच्या आधारावर 'त्वरित मंजुरी' मिळाली, आणि खरा फायदा पुढच्या चाचणीत सिद्ध करण्याची अट घातली गेली. आनुवंशिक मेंदूविकारात रक्तातल्या खुणेवर औषध मंजूर होऊ शकतं, हे तेव्हा दिसलं.

आता पुन्हा त्या ७५ टक्क्यांकडे येऊ

युनिक्युअरचा उपचार, एएमटी-१३०, हा एकदाच द्यायचा आहे. १२ ते १८ तासांच्या शस्त्रक्रियेत निरुपद्रवी विषाणूमार्फत औषध थेट कॉडेट आणि पुटामेनमध्ये सोडतात. जास्त डोस घेऊन तीन वर्षं पूर्ण झालेले रुग्ण होते फक्त १२. त्यांची तुलना उपचार न घेतलेल्या रुग्णांच्या 'एन्रोल-एचडी' या जागतिक अभ्यासातल्या नोंदींशी केली. चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट या तुलनेत नव्हते. एफडीएचा आक्षेप नेमका इथे आहे.

कंपनीच्या बाजूने असलेला एक मुद्दा म्हणजे एनएफएल. एरवी हा आकडा वर्षागणिक चढत जातो. इथे तीन वर्षांनी या रुग्णांच्या पाठीतल्या पाण्यात तो सुरुवातीपेक्षा सरासरी ८.२ टक्के कमी होता. उमेद वाढवणारी गोष्ट आहे. पण १२ माणसांच्या सरासरीवर किती भार टाकायचा?

दुसरीकडे गोळीच्या रूपातलं एक औषधही चाचणीत आहे, व्होटोप्लाम. मे २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल आला. रक्तपेशींतलं हंटिंग्टिन कमी करायचं हे मुख्य उद्दिष्ट साध्य झालं होतं. पण टोमिनर्सनची गोष्ट वाचल्यावर तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल, तोच इथेही आहे. प्रथिन कमी झालं, माणूस बरा राहिला का?

दोन्ही बाजूंची अडचण खरी आहे. नियामकाने फार कडक पुरावा मागितला, तर आज ज्यांना उपचार उपयोगी पडला असता त्यांची वेळ निघून जाईल. फार सैल मागितला, तर लोक डोक्यात छिद्र पाडून घेतील आणि हाती काहीच लागणार नाही. या दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे भरवशाचा बायोमार्कर. तो पूर्ण तयार नाही, म्हणूनच हा वाद इतका चिघळलाय.

आपल्याकडे याचा संबंध काय?

हंटिंग्टन युरोपीय वंशाच्या लोकांत जास्त आढळतो, पण भारतातही अशी कुटुंबं आहेत. बंगळुरूची निम्हान्स संस्था त्यांच्यासोबत बरीच वर्षं काम करते आहे. घरात असा आजार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, एनएफएलची रक्ततपासणी हंटिंग्टन आहे की नाही हे सांगत नाही. ते काम जनुकाच्या टेस्टचं. आणि तीही समुपदेशनाशिवाय करू नये, १८ वर्षांखालच्या निरोगी मुलांची तर करूच नये, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ब्रिटनमध्ये सोय असूनही, जोखीम असलेल्या पाच जणांपैकी एकसुद्धा ही टेस्ट करून घेत नाही. उपाय नसताना उत्तर कशाला हवं, हा त्यांचा प्रश्न चुकीचा म्हणता येत नाही. उद्या उपाय आला, तर मात्र हा हिशेबच बदलेल.

दोन, असा रिपोर्ट फक्त एका माणसाचा नसतो. त्यात भावंडं, मुलं सगळीच येतात. लग्न जमवताना, विमा काढताना त्याचा वापर होऊ शकतो. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने आरोग्यविमा आणि नोकरीत जनुकीय माहितीवरून भेदभाव करायला बंदी आहे, पण आयुर्विमा त्यातही सुटलाय. आपल्याकडे तर असा स्वतंत्र कायदाच नाही. जनुकाच्या आकड्यासोबत उद्या 'आजार कुठवर पोचलाय' हा दुसरा आकडाही फाइलमध्ये लागणार असेल, तर त्याआधी या कायद्याबद्दल बोलावं लागेल.

ज्यांच्या रक्तातून हे सगळं सुरू झालं

१९७९ पासून डॉ. नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत जात होते. तिथे हा आजार असलेली जगातली सगळ्यात मोठी कुटुंबं राहतात. बहुतेक जण गरीब. त्यांनी हजारो रक्ताचे नमुने दिले, त्यांच्या वंशावळीत १८ हजारांहून जास्त माणसं नोंदली गेली. त्या रक्तामुळे १९८३ मध्ये जनुकाचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत लागला आणि दहा वर्षांनी जनुक हाती आलं. वेक्सलर यांच्या आईचा १९७८ मध्ये याच आजाराने मृत्यू झाला होता. स्वतःलाही तो असल्याचं त्यांनी २०२० मध्ये जाहीर केलं.

माराकाइबोच्या त्या गावांत बारा तासांची मेंदूची शस्त्रक्रिया पोचणं सध्या तरी कठीण आहे. दर सहा महिन्यांनी एमआरआयही नाही. एक रक्ततपासणी आणि एक गोळी मात्र पोचू शकते. गोळी खरंच लागू पडतेय की नाही हे त्या तपासणीवरून ठरणार असेल, तर आधी तपासणीवरच भरवसा बसायला हवा. त्यामुळे पुढच्या वेळी 'हंटिंग्टनवर औषध सापडलं' अशी पोस्ट तुमच्यापर्यंत आली, तर शेअर करण्याआधी एवढंच पाहा. सुधारला तो फक्त आकडा, की माणूससुद्धा?